चाळीस पावलं

पहिला घाव भिसेच्या कानावर बसला. दुसरा माझ्या मनगटावर, कारण मी हात मध्ये घातला.

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत भर दुपारी दोन पोरं एकमेकांच्या जिवावर उठली होती. गुंजाळच्या हातात घडीची लोखंडी खुर्ची होती. भिसेचा कान वरच्या बाजूला फाटला होता आणि रक्त मानेवरून पांढऱ्या सदऱ्यात उतरत होतं.

"माझी वही उतरवतो, आन् बाईंपुढं मलाच चोर म्हणतो? जिता ठेवत न्हाई आज!"

गुंजाळनं खुर्ची तिसऱ्यांदा उचलली. मी मागून गेलो. त्याच्या काखेतून हात घालून मानेवर पंजा रोवला आणि गुडघ्यामागं टाच मारली. तो खाली आला, खुर्ची निसटली, तोंड फरशीवर आपटलं. समोरच्या दाताचा तुकडा उडाला. तिथं थांबायला हवं होतं. पण माझा गुडघा त्याच्या पाठीत होता, मान हातात होती, आणि हाताला ती गवसली होती.

"मामा! अहो मामा, सोडा त्याला! निळा पडलाय तो!"

तो आवाज बाईंचा. मी हात काढला.

कॉलेजात शिपायाला सगळे मामाच म्हणतात. अंबादास घोडके हे माझं नाव हजेरीपटावर होतं तेवढंच. मी त्या विभागात बारा वर्षं होतो. कपाटं झाडायची, यंत्रं पुसायची, प्रत्येक यंत्राला नावाची चिठ्ठी डकवायची आणि मुलांच्या प्रयोगाला बसायचं. मानसशास्त्राच्या प्रत्येक मुलाला प्रयोगासाठी एक माणूस लागतो, ज्याच्यावर प्रयोग करायचा. त्याला पुस्तकात प्रयुक्त म्हणतात. मुलं बाहेरून माणूस आणायचा कंटाळा करायची आणि मलाच ओढून बसवायची. माझी स्मरणशक्ती, माझा थकवा, माझी चिकाटी, सगळं शेकडो वह्यांत लिहिलेलं आहे.

दोन्ही पोरांना दवाखान्यात धाडल्यावर बाई स्टुलावर बसल्या. प्राध्यापक हेमलता सुरवसे. त्याच वर्षी सोलापूरहून आलेल्या, तिशीच्या, बारीक चणीच्या. तिसऱ्या वर्षाला व्यक्तिमत्त्वाचं मानसशास्त्र शिकवायच्या.

"कुठे शिकलात हे, मामा?"

"बाजारात. हमाली करत होतो."

त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं, मग तो विषय सोडला. टेबलावर दोघांच्या वह्या पडल्या होत्या. बाईंनी त्या शेजारी शेजारी उघडल्या.

"हे बघा. शब्द न् शब्द तोच. आणि ही तीन वर्षांपूर्वीची वही, कपाटात सापडली. तिच्यातही तेच. काना-मात्रेच्या चुकासुद्धा त्याच! कशावरून कान फाटला त्या मुलाचा? जे दोघांचंही नाही त्याच्यावरून."

दोष मुलांचा नव्हता. विभागात एकच सायक्लोस्टाइल केलेला कागद होता. परदेशातला जॉन नावाचा मुलगा, तो बापाला घाबरतो, त्याचं व्यक्तिमत्त्व ओळखा. हा जॉन पंधरा वर्षं तसाच वाटला जात होता आणि त्याचं उत्तर मोठ्या वर्गाकडून धाकट्या वर्गाकडं उतरत होतं.

"या जॉनला एव्हाना नातवंडं झाली असतील," बाई म्हणाल्या, "आणि आमची पोरं त्याला अजून बापाला घाबरवतायत. नाही चालणार. मला नवा माणूस हवा."

आणि बाई माणूस शोधायला लागल्या.

पंधरा दिवस मी त्यांच्यामागं पिशवी घेऊन हिंडलो. रद्दीवाल्याकडं बसून आम्ही खुनामारामाऱ्यांची कात्रणं काढली. बाईंनी ती वाचली आणि बाजूला सारली. "यात माणूसच नाही, नुसता कोयता आहे." एका वकिलानं जुने निकाल दाखवले. ते बाईंनाच समजले नाहीत. एका निवृत्त मास्तरांनी आपलं आत्मचरित्र हस्तलिखितात दिलं, चारशे पानं. बाईंनी ते दोन रात्रींत संपवलं आणि सकाळी माझ्यापुढं हात जोडले.

"मामा, या माणसानं आयुष्यात एकदाही चूक केलेली नाही. याला मुलांपुढं ठेवला तर ती शिक्षणच सोडतील."

"मग नेमकं पायजे तरी काय, बाई?"

"असा माणूस, जो स्वतःबद्दल लिहितोय, पण आपल्याला कोणी तपासणार आहे हे त्याला ठाऊक नाही. खरा. चुकलेला. ज्याचं उत्तर कुठल्याच वहीत मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी घरून एक वही आणली. शंभर पानी, पुठ्ठ्याची, कडा उंदरानं खाल्लेल्या.

"मी सात वर्षं आत होतो, बाई. मोठ्या सायबांना ठाव हाय. तिथं प्रौढांच्या वर्गात गुरुजी समद्यांना आपापली हकीकत लिवायला लावायचे, अक्षर बसावं म्हणून. ही माझ्या एका सोबत्याची वही. तो आता न्हाई."

बाईंनी उभ्या उभ्या दोन पानं वाचली. मग खाली बसल्या आणि उरलेली वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी वही छातीशी धरली, एखाद्या पोराला धरावं तशी.

"हाच," म्हणाल्या. "मामा, हाच माणूस."

सोबती वगैरे कोणी नव्हता. वही माझी होती. आणि मी ती बाईंची दया येऊन दिली नव्हती. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात खिडकीशेजारच्या बाकावर कालिंदी खडके नावाची मुलगी बसायची. तिचा बाप मी मारला होता.

ती मला ओळखत नव्हती. बाप मेला तेव्हा ती पाळण्यात होती. माझं नाव त्यांच्या घरात कधी घेतलं गेलं नाही, हे मला बाजारातल्या माणसांकडून कळायचं. दोन वर्षं मी तिच्या बाकावरची धूळ पुसत होतो. ती "मामा, खडू द्या" म्हणाली की माझ्या हातातून खडू पडायचा. तिच्या तोंडावर जाऊन काही सांगायची माझी छाती नव्हती. पण तिनं ती हकीकत वाचावी, कोणाची ते न कळता वाचावी, आणि शेवटी आपल्या हातानं लिहावं की हा माणूस रागीट होता, पण वाईट नव्हता. एवढंच मला हवं होतं. कोर्टानं ते लिहून दिलं होतं. तिनं दिलेलं नव्हतं.

बाईंनी वहीतली नावं काळ्या शाईनं खोडली, वर क्ष आणि य असं लिहिलं आणि पानांच्या बेचाळीस झेरॉक्स काढल्या. सोमवारी त्या वर्गात वाटल्या. मी दाराशी उभा राहिलो. बाईंनी शेवटचं पान स्वतः मोठ्यानं वाचलं. माझेच शब्द, पण त्यांच्या शुद्ध आवाजात.

"'य आमच्या टोळीचा मुकादम होता. भुसार बाजारात आम्ही बाराजण पोती वाहत होतो. त्या दिवशी फळीवरून माझा पाय सटकला, पोतं फुटलं, ज्वारी चिखलात गेली. य सगळ्यांपुढे म्हणाला, गाढवसुद्धा तुझ्यापेक्षा बरं. मी गप्प राहिलो. दुपारी आम्ही शेडखाली जेवायला बसलो. य परत बोलला. मी उलटून बोललो. त्याने माझ्या भाकरीला लाथ मारली. भाकरी गटारात पडली. मग मला दिसेना. राग डोक्यात गेला. कमरेचा हूक काढला आणि त्याच्या मानेत घातला. हूक आत अडकला. मी ओढला तेव्हा य माझ्या अंगावर आला, जणू मिठी मारतो. त्याचं रक्त माझ्या तोंडात गेलं. तो किती वेळ पाय झाडत होता मला माहीत नाही. मी त्याला धरून बसलो होतो. राग गेला तेव्हा तो मेलेला होता.'"

 पुढच्या बाकावरची एक मुलगी तोंडावर रुमाल दाबून बाहेर पळाली. भिसे, कानाला पट्टी बांधलेला, एकटक कागदाकडं बघत होता. कालिंदीनं मान वर केली नाही. ती वाचत नव्हती. अक्षरांवरून बोट फिरवत होती.

"हूक म्हणजे?" कोणीतरी विचारलं.

"पोतं उचलायचा लोखंडी आकडा," बाई म्हणाल्या. "हमालांच्या हातात असतो. आता प्रश्न एकच. क्षचं व्यक्तिमत्त्व ओळखा. त्यानं हे का केलं? दोन पानं. आणि एकमेकांचं उतरवलंत तर कानच काय, गुणही जातील."

आठवड्यानं कागद आले. बाई घरी गेल्यावर मी कपाट उघडून एकेक वाचला. मला वाचायला वेळ लागतो, पण त्या संध्याकाळी मी बेचाळीस कागद वाचले. बहुतेकांनी मला शीघ्रकोपी ठरवलं होतं. एकीनं लिहिलं होतं, याला लहानपणी आईची माया मिळाली नाही. माझ्या आईनं मला सात वर्षांचा होईपर्यंत अंगावर पाजलं होतं. गुंजाळनं लिहिलं होतं, मी याच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. मला बरं वाटत गेलं. कालिंदीचा कागद सगळ्यांत खाली होता. त्यावर जेमतेम आठ ओळी होत्या.

"हा माणूस खोटं लिहितो. बाजारात जेवताना कोणाच्याही कमरेला हूक नसतो. घास घेताना अंगावर लोखंड ठेवायचं नाही, असा हमालांचा नेम आहे. जेवणाची वेळ झाली की सगळे हूक वजनकाट्याजवळच्या खुंट्यांवर टांगतात. जेवायची शेड तिथून लांब आहे. म्हणजे भाकरीला लाथ बसल्यावर हा उठला, चालत गेला, हूक घेतला, चालत परत आला आणि मग मारला. एवढं चालेपर्यंत राग राहत नाही. राहतो तो बेत. हा रागीट नाही. थंड आहे."

बाईंनी खाली लाल शाईनं लिहिलं होतं, "उत्तम! दहापैकी दहा. हे तुला कसं ठाऊक?"

मी कागद जागेवर ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. 

गुरुवारी चार वाजता कालिंदी प्रयोगशाळेत आली. सोबत कोणी नव्हतं.

"मामा, शब्दांचा प्रयोग राहिलाय माझा. बसता का?"

"बसतो की."

तिनं दाराला आतून कडी लावली.

शब्दांचा प्रयोग मला पाठ होता. प्रयोग करणारा एक शब्द म्हणतो. प्रयुक्तानं मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा. किती वेळ लागला ते घड्याळावर मोजायचं. वीस शब्द. विभागाची छापील यादी होती, तिची उत्तरं मी झोपेतही दिली असती. ती समोर बसली. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात पेन. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. प्रयोगात तशीच बैठक असते.

"आकाश."

"निळं."

"फूल."

"वास."

"नदी."

"पाणी."

अशी चौदा झाली. ती खाली मान घालून सेकंद लिहीत होती. पंधराव्याला तिनं मान वर केली.

"पोतं."

हा शब्द यादीत नव्हता. मी म्हणालो, "पाठ."

"फळी."

"पाय."

"भाकरी."

मला गटार म्हणायचं नव्हतं. "गटार," मी म्हणालो.

तिनं ते लिहिलं. तिचं अक्षर हललं नाही.

"हूक."

घड्याळाची टकटक दोघांनाही ऐकू येत होती.

"मामा, पहिला शब्द सांगायचा. विचार करायचा नसतो."

"मान," मी म्हणालो.

"खुंटी."

"चाळीस."

तोंडातून निघून गेलं. तिनं घड्याळ टेबलावर ठेवलं.

"चाळीस काय?"

"पोरी, ऱ्हाऊ दे आता..."

"चाळीस काय, मामा?" मग तिनं दप्तरातून ती झेरॉक्स काढली आणि माझ्यापुढं सरकवली. बोट एका अक्षरावर ठेवलं. तेच बोट उचलून तिनं समोरच्या कपाटाकडं दाखवलं. कपाटावर ओळीनं चिठ्ठ्या होत्या: मोजपट्टी, चक्रव्यूह, पडदा. सगळ्या माझ्या हातच्या. "हा 'प' बघा. असा पोटफुगा 'प' अख्ख्या कॉलेजात एकच माणूस काढतो. पहिल्याच दिवशी ओळखला मी. चार दिवस जेवले नाही. म्हटलं, दुसऱ्या कुणी सांगितलं असेल, यांनी लिहून दिलं असेल. आता बोला. चाळीस काय?"

"पावलं," मी म्हणालो. "शेडपासनं खुंटीपतोर."

"जाताना चाळीस."

"व्हय."

"येताना चाळीस."

"व्हय."

"ऐंशी पावलं." ती स्वतःशीच म्हणाली. "माझी आई मला वीस वर्षं सांगत आली. बाळे, रागाच्या भरात झालं. तो माणूस वाईट नव्हता, राग वाईट. शाळेत पोरं चिडवायची तर मी हेच सांगायची. रागाच्या भरात झालं." तिनं मान उचलली. "तुम्ही परत आलात तेव्हा माझे वडील काय करत होते?"

हे मी वहीत लिहिलं नव्हतं. कोर्टात सांगितलं नव्हतं. टोळीनंही सांगितलं नाही. मुकादम तर गेला, आता अंबादासची पोरं तरी वाचवू, म्हणून अकराजणांनी एकच साक्ष दिली होती, हूक कमरेला होता. मला सात वर्षांवर सोडवलं ते त्या साक्षीनं.

"सांगा!"

"त्यानं स्वतःची भाकरी मोडली व्हती," मी म्हणालो. "अर्धी माझ्याकडं धरली. म्हणला, ये अंब्या, बस. लई बोललो मी. खा. हात तसाच पुढं व्हता. तवा मी..."

तिनं पुढचं ऐकलं नाही. चक्रव्यूहाची लाकडी पाटी तिच्या हाताशी होती, शिसवी, पितळी कडेची. तिनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या तोंडावर घातली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला आतून आला. दुसरा फटका भुवईवर. डावा डोळा लाल झाला आणि मिटला. तिसरा, चौथा टाळूवर. पाटीची पितळी कड सुटून माझ्या गालात रुतली, ती तिनं उपटून काढली आणि परत मारलं. ती काही बोलत नव्हती, ओरडत नव्हती. नुसती धापा टाकत होती, लाकूड फोडणाऱ्या बाईसारखी. पाटी दुभंगली तेव्हा ती मुठींनी मारायला लागली. तिच्या बांगड्या माझ्या कपाळावर फुटल्या आणि काचांनी तिचंच मनगट चिरलं.

मी हात टेबलावरून उचलले नाहीत. उचलले असते तर काय केलं असतं, ते मला गुंजाळच्या मानेवरून ठाऊक होतं.

दारावर थाप पडली.

"मामा? काय पडलं?" बाईंचा आवाज. "आतून कडी का लावलीय?"

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. तिच्या हनुवटीवर माझं रक्त होतं. तिनं हाका मारून बाईंना आत घेतलं असतं आणि सगळं सांगितलं असतं, तर मी ना म्हणालो नसतो.

"कपाट सरकवत होतो, बाई," मी म्हणालो. तोंडात रक्त असल्यानं शब्द जड आले.

"आणि कडी?"

"प्रयोग चालू आहे, बाई," कालिंदी म्हणाली. आवाज पार कोरडा. "शांतता लागते."

"बरं. कपाटं आपटू नका, खाली वर्ग आहे." पावलं दूर गेली.

कालिंदीनं पदराला हात पुसले. उलटी पडलेली खुर्ची सरळ केली. बसली. वही पुढं ओढली. पानावर रक्ताचे थेंब पडले होते, ते तिनं टिपकागदानं टिपले. घड्याळ उचलून कानाशी लावलं. चालू होतं.

"एक शब्द राहिलाय," ती म्हणाली.

"पुरं कर."

"आधी एक सांगते. मी लहान असताना आईबरोबर बाजारात जायचे. बायका धान्य चाळायला कुठं बसतात ते मला ठाऊक आहे. काट्याजवळ सावली असते. खुंट्यांच्या बरोबर खाली बसतात." ती थांबली. "माझी आई लग्नापासून त्याच जागेवर बसते."



हौसाबाई, कालिंदीची आई, गेल्या साली वारली, म्हणून आज लिहितो. त्या दुपारी ती खुंट्यांखाली ज्वारी चाळत होती. शेजारी झोळीत ही पोर निजलेली. खुंटी तिच्या डोक्यावर होती, हूक मला तिच्यावरून वाकून घ्यावा लागला असता. मी म्हणालो, "वैनी, माझा हूक दे गं, ट्रक आलाय." तिनं मान न वळवता एक हात वर केला, चाचपून हूक काढला आणि खांद्यावरून मागं माझ्या हातात दिला. चाळणीचा हात थांबला नाही. पुढं कोर्टात तिला कोणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी तिला नवऱ्याच्या मारेकऱ्याला हत्यार देणारी केलं असतं, आणि आमच्या दोघांची नावं जोडून वर्षभर चघळली असती. तुरुंगातून सुटल्यावर टोळीनं मला तिच्यापुढं उभं केलं. ती म्हणाली, "रागाच्या भरात झालं त्यांच्या हातनं. आता मिटवा." सगळ्या बाजारानं तिच्या मोठेपणाला हात जोडले. ते बोलताना तिची नजर माझ्या रिकाम्या हातावर होती.

कालिंदीनं घड्याळाची कळ दाबली.

"आई."

भाकरी म्हणता आलं असतं, माया, घर, काहीही. शेकडो मुलांना मी असे शब्द दिले होते. चाळणीचा आवाज कानात येत राहिला. उजव्या डोळ्यानं मला तिच्या हातातला काटा फिरताना दिसत होता. एक फेरा झाला. दुसरा सुरू झाला.

"पाठमोरी," मी म्हणालो. "पाठमोरी व्हती, पोरी. तिला काय बी दिसलं न्हाई."

तिनं कळ दाबली. काटा थांबला. ती कितीतरी वेळ त्या आकड्याकडं बघत होती. मग तिनं पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि दाराची कडी काढली. जाताना मागं वळून बघितलं नाही.

मी बाईंना सांगितलं, स्टुलावरून पडलो, पाटी अंगावर आली. त्यांनी विश्वास ठेवला की नाही कोण जाणे. नाक वाकडं राहिलं, डाव्या डोळ्याला पुढं कमीच दिसलं. कालिंदीनं वर्ष पुरं केलं. मला परत कधी मामा म्हणाली नाही. खडू स्वतः उठून घ्यायची. संध्याकाळी पुष्कळदा ती बाजाराच्या फाटकाशी आईची वाट बघत उभी असलेली दिसायची. हौसाबाई बाहेर आली की तिच्या डोक्यावरची चाळणी उतरवून आपल्या काखेत घ्यायची.

मार्चमध्ये वह्या तपासून आल्या. वाटायच्या आधी मी तिची उघडली. एकोणीस शब्द, एकोणीस उत्तरं, एकोणीस वेळांच्या नोंदी, सगळं सुबक अक्षरात. विसाव्या ओळीत 'आई' एवढंच लिहिलेलं होतं. पुढच्या दोन्ही चौकटी कोऱ्या होत्या. शेजारी बाईंची लाल शाई होती: "प्रतिसाद व वेळ नोंदवलेली नाही. निष्काळजीपणा. एक गुण वजा."